श्रवण

आजचं वाचन: भागवत, सातवा स्कंध. प्रल्हादाने सांगितलेल्या नवविधा भक्तीत पहिलं श्रवण. मी तिथेच अडकलो.

रविवारी आईला घेऊन चांदूर बाजारहून जवळच माधानला निघालो. ऑक्सवर हरिपाठ, आणि मागे घूंऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा. दुसरी केबल लावली, जॅक फिरवला, शेवटी आवाजच वाढवला.

आई म्हणाली, "काहून वाढवतं बाबू? त्याच्यासंगं थे घूं घूं बी वाढून रायली ना."

खरंच होतं. फोन चार्जरला लावलेला. चार्जर आणि ऑक्स, दोन्हींचं अर्थिंग गाडीच्याच बॉडीला. त्या वाटेने अल्टरनेटरची घरघर हरिपाठात शिरत होती. चार्जर काढला, आवाज स्वच्छ. पण बॅटरी 3 टक्के, आणि ऑफिसचा कॉल यायचा होता.

माधानच्या गुलाबराव महाराजांची (1881–1915) दृष्टी नऊ महिन्यांचे असतानाच गेली. ग्रंथ ते इतरांकडून वाचून घेत. त्यांचा एवढा अभ्यास झाला तो कानांनी. (आणि मी दीडपट स्पीडने प्रवचन ऐकतो!)

चार्जर परत लावला नाही. गाव यायच्या आधीच फोन बंद पडला.

मग आई बोलली. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. हे ती मला तिसऱ्यांदा सांगत होती.