अन्नाचा वाटा आणि कामाचा अधिकार

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्काचे नियम आहेत. त्यांत जन्मांध, बहिरे, मुके, वेडे आणि कोणतेही इंद्रिय उणे असलेले यांना वडिलोपार्जित मालमत्तेतून वगळले आहे. लगेच पुढच्या श्लोकात मात्र बजावले आहे की या सर्वांना जन्मभर यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे. जो देणार नाही तो पतित होतो. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायाचा निवाडाही असाच आहे. याजकाच्या कुळातला आंधळा, लंगडा किंवा अंगात व्यंग असलेला पुरुष वेदीपाशी जाऊन अर्पण करू शकत नाही. देवाला वाहिलेल्या अन्नातला आपला वाटा मात्र तो खाऊ शकतो. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या या दोन परंपरा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या. अपंग माणसाला उपाशी ठेवायचे नाही, आणि हक्काच्या, कामाच्या जागी त्याला बसूही द्यायचे नाही.

अपंगांना नोकरीत सामावून घेण्याची चर्चा आज रॅम्प, लिफ्ट आणि आरक्षणाच्या टक्क्यांभोवती फिरते. त्या चर्चेच्या बुडाशी हा जुना निवाडा आहे. माणसाला पोसणे आणि माणसाला कामाचा अधिकारी मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली केली म्हणजे दुसरीतून सुटका होत नाही.

अधिकाराचा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात सर्वांत काटेकोरपणे मांडला तो मीमांसकांनी. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय यज्ञ करण्याचा अधिकार कोणाला, याच विषयाला वाहिलेला आहे. उत्तराचा पाया सामर्थ्य हा आहे: जे कर्म सांगितले ते सर्व अंगांसह जो पार पाडू शकतो, तो अधिकारी. आंधळ्याला तूप निरखून पाहण्याचा विधी जमणार नाही, पांगळ्याला विष्णुक्रम या विधीची पावले टाकता येणार नाहीत, बहिऱ्याला अध्वर्यू या ऋत्विजाचे शब्द ऐकू येणार नाहीत. म्हणून त्यांचा अधिकार संपला, असा हा युक्तिवाद आहे. निर्धनाचा विचार करताना मात्र सूत्रे उदार होतात. आज पैसा नसला तरी तो मिळवता येतो, म्हणून निर्धनाचा अधिकार जात नाही. ज्याचे व्यंग बरे होण्यासारखे आहे त्यालाही हाच न्याय लागू होतो. ज्याचे व्यंग जन्माचे आणि कायमचे आहे, तो तेवढा बाहेर राहतो.

याच अध्यायात थोडे पुढे आणखी दोन न्याय येतात, आणि ते वाचताना हा निवाडा किती निराळा होऊ शकला असता हे लक्षात येते. पहिला प्रतिनिधीचा. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्यासारखे दुसरे चालते. भाताऐवजी नीवार, सोमाऐवजी पूतिका. दुसरा यथाशक्तीचा. नित्य कर्मात मुख्य कर्म झाले पाहिजे, एखादे अंग शक्तीअभावी राहिले तरी कर्म बिघडत नाही. फळाच्या इच्छेने केलेल्या काम्य कर्मात मात्र सगळी अंगे हवीत. म्हणजे प्रधान काय आणि अंग काय हे वेगळे करण्याची, आणि अंग बदलले तरी प्रधान टिकते हे मान्य करण्याची बौद्धिक सामग्री परंपरेकडे पूर्ण तयार होती. वनस्पती बदलली तर यज्ञ चालत होता. माणसासाठी विधीचे एक पाऊल बदलण्याचा विचार मात्र त्याच धारेने पुढे नेला गेला नाही. ही उणीव तर्काची नव्हे. सामर्थ्य मोजताना कर्माची मांडणी अढळ धरली गेली आणि सगळा भार माणसाच्या शरीरावर टाकला गेला, एवढेच.

मांडणी बदलली की काय होते याचे एक उदाहरण इस्लामच्या आरंभकाळात आहे. कुराणाच्या ८०व्या सूरेची पार्श्वभूमी अशी: पैगंबर मक्केतील प्रतिष्ठितांशी बोलत असताना अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम हे अंध गृहस्थ प्रश्न घेऊन आले, तेव्हा त्यांनी कपाळाला आठी घालून तोंड फिरवले, आणि त्याबद्दल त्यांनाच ईश्वरी समज मिळाली. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती दयेची शिकवण ठरली असती. पण पुढे हेच इब्न उम्म मक्तूम मदिनेत बिलाल यांच्यासह अजान देणारे मुअज्जिन झाले, आणि पैगंबर मोहिमेवर असताना मदिनेची व्यवस्थाही त्यांच्याकडे सोपवली गेली. पहाटेची अजान उजाडताना द्यायची असते, आणि उजाडलेले त्यांना दिसत नव्हते. हदीस सांगते की लोक त्यांना ‘पहाट झाली’ असे सांगत, मग ते अजान देत. कामाचा प्रधान भाग आवाज, वेळेची निष्ठा आणि विश्वास. क्षितिजाकडे पाहणे हे अंग. ते दुसऱ्याने केले आणि पद त्यांचेच राहिले. आजचा कायदा जिला ‘वाजवी सोय’ म्हणतो, तिचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

महाराष्ट्रात गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५) चरित्र याच्या जवळ जाते. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या विदर्भातल्या या संताने दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, स्वतः सांगून लिहवून घेतले आणि अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात प्रचंड ग्रंथरचना केली. त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणताना लोक चमत्कारावर भर देतात. वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे लोक त्यांच्याभोवती होते, याकडे त्यामानाने कमी लक्ष जाते. असामान्य प्रज्ञेलाही ती सोय लागली. सामान्य बुद्धीच्या अंध माणसाला ती मिळाली असती तर तोही सामान्य कारकून, शिक्षक, हिशेबनीस झाला असता, आणि समाजाला खरी गरज त्याचीच आहे. अपंग माणसाने असामान्य असले तरच त्याला जागा, ही अट अन्यायाचीच आहे.

महाभारताच्या वनपर्वातली अष्टावक्राची कथा या बाबतीत दुहेरी आहे. जनकाच्या सभेकडे जाताना राजाच्या वाटेवर अष्टावक्र अडतो तेव्हा वाट कोणाची, याचा नियम तिथे सांगितला जातो. वाट आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रीची, ओझे वाहणाऱ्याची. राजाची वाटही आहे, पण समोर ब्राह्मण आला तर वाट त्याची. ब्राह्मणाला दिलेले अग्रस्थान त्या काळाचे आहे. तरीही आंधळ्याला आणि ओझेवाल्याला वाट देणे ही कृपा नसून नियम आहे, आणि तो राजाच्या तोंडावर सांगता येतो, ही गोष्ट मोलाची आहे. अष्टावक्र सभेत जातो, बंदी नावाच्या सभापंडिताला वादात हरवतो, त्याच्याकडून हरलेल्या आपल्या बापाला सोडवतो. आणि शेवटी कथाकार त्याला समंगा नदीत स्नान घालून त्याची अंगे सरळ करतो. वाद जिंकायला ज्या शरीराने काही अडले नव्हते, ते सरळ केल्यावाचून कथेला समाधान वाटत नाही. आजही मुलाखतीत पात्रता सिद्ध केलेल्या उमेदवाराकडे पाहताना अनेकांच्या मनात हाच अपुरेपणा रेंगाळतो.

त्या अपुरेपणाला कर्मविपाकाचा आधार दिला गेला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या दुष्कृत्यामुळे कोणते व्यंग येते याची यादी आहे. गावोगावच्या अपंग मुलांच्या आयांनी ‘मागच्या जन्मीचे’ हे शब्द ऐकले आहेत, आणि त्या शब्दांनी केलेली जखम खोल आहे. हा सिद्धांत क्षणभर मान्य केला तरी त्यातून शेजाऱ्याचे कर्तव्य कमी होत नाही. भूकही प्रारब्धाचीच मानली जाते, पण म्हणून अन्नदान कोणी थांबवले नाही. उलट ते श्रेष्ठ पुण्य ठरले. मग कामाच्या दाराशीच प्रारब्ध का आठवावे? योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा येशू दोन्ही नाकारतो. कारणाचा शोध घेणारा प्रश्नच तिथे बाजूला सारला जातो.

विसाव्या शतकात हा प्रश्न अपंगांनी स्वतः हाती घेतला. १९७६ मध्ये ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने मांडले की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि समाजाच्या रचनेमुळे येणारी अक्षमता ही दुसरी. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ असे नाव दिले. अमर्त्य सेन यांनी दुसऱ्या बाजूने तेच दाखवले: सारखे उत्पन्न हाती असूनही अपंग माणसाला त्यातून सारखे जीवन घडवता येत नाही, कारण प्रवासाला, मदतीला, साधनांना त्याचा अधिक खर्च होतो. यावरचा आक्षेपही खरा आहे. वेदना आणि थकवा रॅम्पने जात नाहीत. सगळी अक्षमता समाजाने निर्माण केलेली नसते. तरी एक गोष्ट उरतेच. प्रत्येक कार्यालय कोणासाठी तरी आधीच सोयीचे केलेले असते. दिवे डोळसांसाठी लावलेले असतात, टेबलाची उंची खुर्चीत बसणाऱ्या सरासरी शरीराला धरून ठरते, बैठकीत बोलून निर्णय होतात ते ऐकू येणाऱ्यांसाठी. या सोयींचा खर्च कोणी मोजत नाही, कारण त्या बहुसंख्यांच्या आहेत.

वरोऱ्याजवळचे आनंदवन हा या विचाराचा मराठी मुलखातला मोठा प्रयोग. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करणाऱ्या बाबा आमटे यांची भूमिका अशी होती की दान माणसाला खचवते आणि श्रम त्याला उभे करतो. कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली, इमारती बांधल्या. वरोऱ्याच्या निरोगी मुलांसाठी महाविद्यालयाची वास्तूही त्यांनीच उभारली. आरंभी त्यांच्या हातचा भाजीपाला आणि दूध घ्यायला लोक कचरत. अन्न घेणाऱ्याच्या जागी शतकानुशतके बसवलेला माणूस अन्न देणारा झाला, आणि तेव्हा समाजाचा हात आखडला, यावरून मूळ भीती रोगापुरती नव्हती हे दिसते. आनंदवनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती वेगळी वसाहत होती. बाहेरच्या गिरणीत, कचेरीत, शाळेत हीच माणसे सहकारी म्हणून स्वीकारली गेली असती तर ती वसवावी लागली नसती. अंधांना खुर्च्यांचे वेत विणायला, मेणबत्त्या आणि खडू करायला बसवणाऱ्या कार्यशाळांनाही हेच लागू आहे. त्यांनी रोजगार दिला आणि त्याच वेळी अंधांचे काम म्हणजे एवढेच, अशी समजूतही पक्की केली.

कायद्याने मनुस्मृतीचा वारसा नाकारणारा तो श्लोक दोन पावलांत मागे टाकला. १९२८च्या अधिनियमाने हिंदू वारसाहक्कातील व्यंगाची अपात्रता काढली, पण जन्मतः मनोरुग्ण किंवा मतिमंद असलेल्यांना वगळलेलेच ठेवले; १९५६च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८व्या कलमाने रोग, दोष किंवा व्यंग हे कारणच रद्द केले. मालमत्तेनंतर कामाची पाळी आली ती १९९५च्या कायद्यात, आणि अधिक पक्केपणाने २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य झाली, कुष्ठरोगमुक्त व्यक्तीही त्यांत आहेत, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आले. पण या कायद्यातली विचाराच्या दृष्टीने सर्वांत खोल तरतूद टक्क्यांची नाही. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे, असे तो म्हणतो. म्हणजे निष्क्रिय राहणेही अन्याय ठरते. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याला त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर न्यावे लागते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. न्यायाधीशाच्या कामात प्रधान काय, पाहणे की पारखणे, हा जैमिनीच्याच पद्धतीचा प्रश्न होता, आणि उत्तर उलटे मिळाले.

रोजच्या कचेरीत हा प्रश्न लहान लहान गोष्टींत येतो. एकास बारा उताराचा रॅम्प बांधला, पण स्वच्छतागृहाचे दार चाकाच्या खुर्चीपेक्षा अरुंद ठेवले, तर माणूस दिवसभर पाणी न पिता काम करतो. परिपत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केले किंवा कागद स्कॅन करून पाठवला, तर अंध कर्मचाऱ्याचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये टाइप करायला पैसाही लागत नाही. कर्णबधिर सहकाऱ्यासाठी बैठकीचे मुद्दे आधी लेखी देणे, मनोविकारावर औषध घेणाऱ्याला सकाळची वेळ थोडी पुढे देणे, लिफ्ट बंद असेल त्या दिवशी खालच्या मजल्यावर बसू देणे, यांत खर्चापेक्षा आधी विचार करण्याची सवय लागते. सगळ्यांत कठीण अडथळा मात्र सौजन्याचा असतो. ‘तुम्ही कशाला त्रास घेता’ म्हणत अपंग कर्मचाऱ्याच्या पुढ्यातली फाइल उचलली जाते. पगार चालू राहतो, जबाबदारी जाते, बढतीही तिच्याबरोबर जाते. अन्न द्यायचे आणि काम काढून घ्यायचे, हा जुना निवाडा तिथे नव्या वेषात चालू असतो.

कायद्याने मालकाच्या बाजूनेही मर्यादा घातली आहे: सोयीचा भार प्रमाणाबाहेरचा असता कामा नये. ही मर्यादा रास्त आहे, पण ती कोण आणि कधी वापरतो हे महत्त्वाचे. कामाचा प्रधान भाग कोणता, हे अपंग उमेदवाराला समोर बसवून, त्याच्याशी बोलून ठरवायचे असते. जाहिरातीत सर्रास ‘पाहणे, चालणे, उभे राहणे आवश्यक’ असे लिहून ते ठरत नाही. रस्त्याकडेच्या छोट्या दुकानदाराचा भार आणि मोठ्या बँकेचा भार एका मापाने मोजता येत नाही, हेही उघड आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कामातून प्रतिष्ठा मिळते असे म्हणत राहिले, तर जो कोणत्याही सोयीने काम करू शकत नाही, त्या तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचे काय? एव्हा किटे आणि मार्था नुसबॉम या तत्त्वचिंतकांनी न्यायाच्या करारवादी सिद्धांतांवर इथेच बोट ठेवले. परस्परांच्या लाभासाठी सहकार्य करणाऱ्यांचा समाज कल्पिला की हा माणूस करारातून आपोआप गळतो. म्हणून माणसाचे मोल आणि त्याचा कामाचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मोल कामावर अवलंबून नाही, ते आधीच आहे. अधिकार त्या मोलातून निघतो. ज्याला काम करता येत नाही त्याचे अन्नवस्त्र मग भिक्षा राहत नाही, तोही त्याचा हक्क ठरतो. आणि किती जणांना खरोखरच काम करता येत नाही, हे कामाची मांडणी बदलून पाहिल्याखेरीज कोणालाही आधीच सांगता येत नाही.