दारू सुटली, देव बदलला

भुसावळ-जळगावकडे एखाद्यानं दारू सोडली की 'त्यानं माळ घातली' एवढं सांगितलं तरी पुरतं. गळ्यात तुळशीची माळ दिसली की जुने सोबतीही आग्रह करत नाहीत. पश्चिम खानदेशात 1938 च्या सुमारास गुला महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल जमत. त्या नादानं कितीतरी घरांतून दारू गेली. या दोन्ही गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. मात्र ख्रिस्ती व्यसनमुक्ती केंद्रातून कुणी बाप्तिस्मा घेऊन परतला, की माणूस सुधारला याचा आनंद मागं पडतो आणि भाऊबंदांत कुजबूज सुरू होते.

मोठ्या आधाराला शरण गेल्याशिवाय व्यसन सुटत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं मूळ ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत. पण ईश्वर कसा मानायचा, हे त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोडलं. डेव्हिड विल्करसन यांनी 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या टोळ्यांतल्या पोरांमध्ये काम सुरू केलं, त्यातून टीन चॅलेंज उभं राहिलं. तिथं येशूचा स्वीकार हाच उपचाराचा गाभा. आपल्याकडं फादर जो परेरांनी 1981 मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन काढलं आणि धर्मगुरू असून व्यसनींना अय्यंगारांची योगासनं शिकवली.

म्हणजे मिशनरी म्हटला की धर्मांतर आलंच, असं नाही. अडचण वेगळीच आहे. दारू तुटल्यावर पहिले काही दिवस हात असा थरथरतो की चहा ओठांपर्यंत जायच्या आत बशीत सांडतो. झोप उडते, घाम फुटतो, कुणाला भास होतात. घरच्यांनी आधीच हात टेकलेले असतात. अशा वेळी तो पुढ्यातल्या कुठल्याही कागदावर सही करील, सांगाल ती प्रार्थना म्हणेल. तो होकार धरायचा नसतो.

पण सहा महिन्यांनी, शुद्धीवर असलेला माणूस आपल्या पायानं रविवारी चर्चला निघाला, तर त्याला विकला गेलेला ठरवणारे आपण कोण? घटनेच्या 25 व्या कलमानं सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य त्यालाही दिलंय. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्या कलमात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं.

म्हणून केंद्राला एकच विचारावं: प्रार्थनेला न बसणाऱ्याची खाट, गोळ्या आणि जेवण तसंच चालू राहतं का? आरती सक्तीची करणाऱ्या केंद्रालाही हेच विचारावं. आणि कुजबुजणाऱ्या भाऊबंदांना विचारावं, की तो गटारीत पडला होता तेव्हा त्याला उचलायला तुमच्यातलं कोण गेलं होतं?