मठातील ब्रुअरी आणि यंत्राची मर्यादा

एका वेळी ३०० लिटर बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरीत द्रव किमान चार वेळा हलवावा लागतो. गरम पाणी भरडलेल्या माल्टवर जाते, माल्टचा गोड रस उकळणीच्या भांड्यात जातो, उकळलेला रस थंड होऊन आंबवणीच्या टाकीत पडतो आणि शेवटी तयार बिअर पिंपात किंवा बाटलीत भरली जाते. ही हलवाहलव हाताने करायची, उतारावर सोडायची की पंपाकडे सोपवायची, हा एरवी पैशाचा आणि जागेचा प्रश्न. ट्रॅपिस्ट या कॅथलिक संन्याशांच्या मठात तो धर्माचाही होतो, कारण तिथे बिअर बनवणे हे त्यांच्या श्रमव्रताचे अंग आहे. यंत्रामुळे साधनेला मोकळीक मिळते की साधकाचा दिवसच यंत्राच्या वेळापत्रकावर चालू लागतो, हे तिथे पंप विकत घेण्यापूर्वी ठरवावे लागते.

पाणी उचलण्याच्या यंत्रावरून झालेला एक जुना तात्त्विक वाद चीनमधल्या ‘च्वांगत्सू’ या ग्रंथाच्या बाराव्या प्रकरणात आहे. कन्फ्यूशिअसचा शिष्य त्सकुंग प्रवासात एका म्हाताऱ्या माळ्याला पाहतो. माळी विहिरीत उतरतो, मडके भरून वर आणतो आणि वाफ्यात ओततो. त्सकुंग त्याला मागून जड, पुढून हलक्या अशा लाकडी दांडीच्या यंत्राची माहिती देतो. त्याने दिवसाला शंभर वाफे भिजतील. माळ्याला यंत्र ठाऊक असते, पण ते वापरण्याची त्याला लाज वाटते. यंत्राबरोबर हिशेबी कामे येतात, त्या कामांतून मनही हिशेबी होते आणि अशा मनात निर्मळपणा टिकत नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे कन्फ्यूशिअसच्या तोंडी शेरा येतो: हा माणूस एक जाणतो, दुसरे जाणत नाही, आतले सांभाळतो, बाहेरचे नाही. या शेऱ्याचा अर्थ कसा लावायचा यावर भाष्यकारांत एकमत नाही. भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांनीही विसाव्या शतकात आधुनिक तंत्रज्ञानाबद्दल लिहिताना हीच गोष्ट उद्धृत केली.

ट्रॅपिस्ट संन्यासी ज्या नियमावलीने जगतात ती संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीत लिहिली. तिची भूमिका माळ्यापेक्षा वेगळी आहे. तिच्या ३१ व्या प्रकरणात कोठार सांभाळणाऱ्याने मठातली सगळी अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत असे सांगितले आहे, आणि ३२ व्या प्रकरणात वस्तू अस्वच्छ ठेवणाऱ्याला शिक्षा आहे. ४८ वे प्रकरण हाताच्या श्रमावर जगणाऱ्यालाच खरा संन्यासी म्हणते. ५७ व्या प्रकरणात मठातला माल बाहेरच्यांपेक्षा थोडा स्वस्त विकावा अशी आज्ञा आहे, म्हणजे लोभ शिरणार नाही. त्याच प्रकरणात, आपल्या कसबामुळे मठाचा फायदा होतो या विचाराने ज्याला गर्व चढतो त्याला त्या कामावरून काढावे, असेही आहे. माळ्याला जी भीती यंत्राची वाटत होती ती बेनेडिक्ट यांना कारागिराच्या मनाची वाटते. अवजार निर्दोष आहे. ते हाताळणारे मन कुठे वळते यावर पहारा हवा.

पंपाच्या निवडीला थेट लागू पडते ते मात्र ४३ वे प्रकरण. प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम जसेच्या तसे टाकून निघावे, कारण ईश्वराच्या कामापुढे दुसरे काहीही ठेवायचे नाही. नियमावलीप्रमाणे अशा प्रार्थना दिवसा सात आणि रात्री एक. उकळता रस घंटेसाठी थांबत नाही. माल्ट भिजवण्यात तास-दीड तास, रस निथळण्यात तेवढाच, उकळण्यात पुन्हा तेवढाच वेळ जातो. धुण्यापुसण्यासकट सहा ते आठ तास सहज होतात. त्यामुळे प्रत्येक उपकरणाला विचारण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की घंटा होताच माणसाला ते निर्धास्तपणे बंद करून किंवा तसेच ठेवून जाता येते का. किंमत, वेग आणि ब्रँड त्याच्यानंतर येतात.

या कसोटीवर हाताने उचलण्याचा मार्ग टिकत नाही, आणि त्याचे कारण बळाचे नाही. ३०० लिटर रस दोन मीटर चढवायला लागणारी ऊर्जा सुमारे ६ किलोज्यूल आहे. तेवढेच पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला जवळजवळ १ लाख किलोज्यूल लागतात. उचलण्याचे श्रम त्यापुढे नगण्य आहेत. पण उकळत्या, चिकट रसाच्या बादल्या वाहताना भाजण्याचा धोका मोठा असतो आणि अर्ध्यावर ते काम सोडता येत नाही. पंप इथे प्रामुख्याने धोका आणि अडकलेपण कमी करतो. एकावर एक तीन मजल्यांवर भांडी ठेवून सगळे उताराने खाली आणण्याची रीत जुनी आणि चांगली आहे. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी उंच मनोऱ्यासारख्या ब्रुअऱ्या बांधल्या गेल्या. पण तिथेही पाणी आणि माल्ट एकदा वर न्यावेच लागतात, आणि वरच्या भांड्याची सफाई शिडीवर चढूनच करावी लागते.

पंप घ्यायचा तर किती मोठा? ३०० लिटर पंधरा मिनिटांत हलवायला मिनिटाला २० लिटर आणि दोन-तीन मीटर उंची पुरते. कॅटलॉगमधला कमाल प्रवाहाचा आकडा शून्य उंचीवरचा असतो, म्हणून उंचीनुसार प्रवाह दाखवणारा आलेख पाहावा लागतो. तो न पाहता गरजेपेक्षा फार मोठा पंप आणला तर नुकसान होते: निथळताना जोराने ओढले की माल्टच्या कोंड्याचा थर घट्ट दबतो आणि रस यायचाच थांबतो. मध्ये एक छोटे भांडे ठेवून त्यात रस आपोआप पडू दिला आणि पंपाने तिथून उचलला, तर थरावर ओढ येत नाही. माल्ट भिजवायचे आणि निथळायचे भांडे एकच ठेवले तर तो दाट लगदा पंपातून न्यायची वेळच येत नाही. यंत्र वाढवण्यापेक्षा मांडणी बदलून त्याची गरज संपवणे हा इथे केव्हाही श्रेष्ठ उपाय.

गरम रसासाठी चुंबकाने फिरणारा छोटा सेंट्रिफ्यूगल पंप योग्य ठरतो. त्यात मोटरचा दांडा द्रवापर्यंत पोचत नाही, आणि बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद राहिला तरी दाब धोकादायक होत नाही. त्याच्या मर्यादाही आहेत. तो हवा ओढू शकत नाही, कोरडा चालला तर आतला बुश खराब होतो, आणि उकळत्या रसात तोंडाशी दाब किंचित घटला तरी वाफेचे बुडबुडे होऊन प्रवाह तुटतो. म्हणून तो भांड्याच्या खाली बसवावा, आत येणारा पाइप आखूड व रुंद ठेवावा आणि प्रवाह बाहेरच्या बाजूच्या व्हॉल्व्हने कमी करावा. आंबल्यानंतर मात्र पंप टाळलेलाच बरा. तयार बिअरला हवा लागली की चव बिघडते. ती कार्बन डायऑक्साइडच्या हलक्या दाबाने ढकलता येते. आणि ज्याचे डोके हाताने उघडून धुता येते तोच पंप घ्यावा. अवजाराला वेदीवरच्या पात्राचा मान द्यायचा तर ते आतपर्यंत दिसले पाहिजे.

माळी तरीही एक आक्षेप घेईल, आणि तो खोडणे सोपे नाही: हा पंप मठात बनत नाही. मठातल्या साधेपणामागे कुठेतरी कारखाना उभा आहे. १९२४ मध्ये यंत्रविरोधाबद्दल विचारले गेले तेव्हा महात्मा गांधींनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता, आणि ते यंत्र बनवायला कारखाना लागेल हेही मान्य केले होते. त्यांची अट यंत्र माणसासाठी असावे, लोभासाठी नव्हे, ही होती. दारूबंदीचे ते आग्रही असल्याने हा युक्तिवाद ब्रुअरीला लावणे त्यांना रुचले नसते. बौद्ध परंपरेचे उत्तर तर आधीच येते: अंगुत्तरनिकायात उपासकाने न करण्याच्या पाच व्यापारांत मद्याचा समावेश आहे, तेव्हा पंपापर्यंत चर्चा पोचतच नाही. बेनेडिक्ट यांनी ४० व्या प्रकरणात संन्याशाला रोज मोजके मद्य दिले, तेही काहीशा नाखुशीने. ट्रॅपिस्टांचे सगळे विवेचन त्या सवलतीवर उभे आहे, हे विसरून चालत नाही.

सवलत मर्यादेसह आली, आणि मर्यादा पाळणे शक्य आहे हे बेल्जियममधल्या वेस्टव्लेटरेनने दाखवले. संत सिक्स्टस मठातली ही ब्रुअरी १८३० च्या दशकात सुरू झाली. २००५ मध्ये तिच्या बिअरला जगात सर्वोत्तम ठरवले गेले आणि मागणी प्रचंड वाढली, तरी संन्याशांनी त्या मागणीमागे धावून उत्पादन वाढवले नाही. २०११-१२ मध्ये मठाच्या बांधकामासाठी पैसा हवा होता तेव्हा त्यांनी एकदाच बाहेर दुकानांतून विक्री केली आणि मग नेहमीच्या रीतीवर परतले. मोठी यंत्रसामग्री घेण्याची ऐपत असताना ती न घेणे हा निर्णय ५७ व्या प्रकरणाला धरून आहे.

१९९७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटनेच्या अटींतही यंत्रावर बंदी नाही. माल मठाच्या आवारात, संन्याशांकडून किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनावा, व्यवसाय मठजीवनापेक्षा दुय्यम असावा आणि मिळकत निर्वाहापलीकडे दानाला जावी, एवढेच त्या मागतात. संन्याशांची संख्या घटत असल्याने आज कसोटी लागते ती देखरेखीच्या अटीची. हात कमी पडले की पगारी कामगार आणि स्वयंचलित झडपा येतात, आणि तिथवर नियम मोडत नाही. बेल्जियममधल्या आखेल मठात मात्र राहणारे संन्यासीच उरले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये त्याच्या बिअरवरचे संघटनेचे चिन्ह गेले. भांडी, पंप आणि कृती यांचा त्या निर्णयाशी काही संबंध नव्हता.