खोडव्याची लागण तारीख

प्रिय बाळा,

आईचा फोन आला होता. टेक्सासात शाळा पुरी करायला इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची जी दोन क्रेडिट लागतात, ती कॉम्प्युटर सायन्स घेऊनही भरून निघतात, म्हणून तू स्पॅनिश सोडणार आहेस असं कळलं. मावशी बावीस वर्षं प्रोग्रॅमिंगच करतेय, ती माझीच बाजू घेणार, असं तू धरून चालला असशील. पण स्पॅनिश सोडू नकोस.

पायथनचंच बघ. ती रचणारा गिडो व्हान रॉसम डच माणूस, 1991 साली त्याने ती लोकांपुढे आणली. तरी तिच्यातले इफ, एल्स, व्हाइल, रिटर्न हे शब्द इंग्रजीच, आणि असे राखीव शब्द मोजून 40 सुद्धा भरत नाहीत. ती शिकताना तू इंग्रजीचा उंबरठा ओलांडतच नाहीस. तिला कष्ट आहेत, बुद्धी लागते. तर तिला गणित-विज्ञानाच्या बरोबरीने मान द्या. भाषेची जागा कशाला?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका साखर कारखान्यासाठी ऊसनोंदीचा प्रोग्रॅम लिहिला. लागण तारीख भरल्याशिवाय नोंद पुढे सरकायची नाही, अशी सोय मी करून ठेवली होती. शेतकी खात्यातल्या कारकुनांनी विचारलं, "ताई, खोडव्याला कुठली लागण तारीख टाकू?" खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, त्याची लागण होतच नाही. माझ्या कोडमध्ये एकही एरर नव्हती. शहरात वाढलेल्या मला तो शब्दच ठाऊक नव्हता. ते कारकून मला बांधावर घेऊन गेले, बुडखा दाखवला, तेव्हा कुठे मला काय लिहायचं ते कळलं.

प्रोग्रॅमिंगला भाषा मानायचं हे खूळ टेक्सासातच आहे असंही नाही. फ्लोरिडाच्या सिनेटने 2016 मध्ये असंच विधेयक 35 विरुद्ध 5 मतांनी मंजूर केलं होतं, पुढच्या सभागृहात ते अडलं. आपल्याकडे अकरावी-बारावीला मराठी-हिंदीच्या जागी आयटी घेता येतं, आणि मार्क पडतात म्हणून मुलं घेतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

स्पॅनिशमध्ये बरोबरीच्या माणसाला 'तू'च म्हणतात, मोठ्यांना 'उस्तेद'. आपलं तू आणि तुम्ही! इंग्रजी 'यू'ला हा फरक करता येत नाही, तुला तो घरातून आयता मिळालाय. आणि तुझ्या गावात स्पॅनिश बोलणारी माणसं पावलोपावली भेटतात.

कौन्सेलरला दोन गोष्टी विचार. दोन्ही विषय वेळापत्रकात बसतात का? आणि तुला हव्या त्या विद्यापीठांना प्रवेशाच्या वेळी कॉम्प्युटर सायन्स भाषा म्हणून चालतं का? बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

काय ठरलं ते मराठीत लिहून कळव. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी मला समजेल.

तुझी,
मावशी