दोरखंडाचे पैसे कोणी द्यायचे?

३० जून २०२४ च्या रविवारचा तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका खडकावर एकाच कुटुंबातली माणसं एकमेकांना घट्ट धरून उभी आहेत आणि पाणी वाढतंय. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ देशभर फिरला. त्यानंतर त्याच पाण्यात शोधायला जे उतरले, त्यांचा व्हिडिओ मात्र कोणी कोणाला पाठवला नाही.

उतरणाऱ्यांत पोलीस होते, नौदलाचे पाणबुडे होते आणि ‘शिवदुर्ग मित्र’ या लोणावळ्यातल्या संस्थेची मुलं होती. ही मुलं सरकारी नोकर नाहीत. कोणी दुकान चालवतं, कोणी नोकरी करतं, कोणी शिकतं. फोन आला की शटर खाली ओढायचं आणि दोर घेऊन निघायचं. ड्यूक्स नोजच्या जंगलात कोणी हरवलं, विसापूरवर कोणी घसरलं, पवना धरणात कोणी बुडालं, की आपल्या मावळात पहिला फोन बहुतेकदा यांनाच किंवा यांच्यासारख्यांना जातो.

गंमत म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे. उत्तम दल आहे, त्याबद्दल वादच नाही. पण पावसाळ्यातल्या रविवारी जुन्या हायवेची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सांगायला नको की पहिला तास नेहमी गावातल्या माणसाचाच असतो.

तर प्रश्न साधा वाटतो: या पहिल्या तासाचं आपण काय देणं लागतो? आणि ‘आपण’ म्हणजे कोण?

सरकारकडे आपत्तीसाठी पैसा नाही असं नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राज्य आपत्ती प्रतिसाद निधी उभा राहिला. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. पण हा पैसा कशासाठी, याची यादी ठरलेली आहे: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, दरड, ढगफुटी, टोळधाडीसारखी कीड वगैरे. राज्याला स्थानिक आपत्तींसाठी १० टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे, एवढंच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती या यादीत बसते. टायगर पॉइंटच्या कड्यावरून एकटा माणूस खाली गेला, तर यादीच्या भाषेत ती आपत्ती नसते, ती ‘घटना’ असते. खाली उतरणाऱ्याला दोर तोच लागतो, आणि दरी तेवढीच खोल असते.

दुसरा पैसा ग्रामपंचायतींना मिळतो, वित्त आयोगाचा. तो मुख्यतः लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहून वाटला जातो. २०११ च्या जनगणनेत लोणावळा शहराची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. भाजे किंवा लोहगडवाडी तर छोटी गावं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारी गर्दी कुठल्याच जनगणनेत मोजली जात नाही. ती कचरा टाकते, रस्ता अडवते, कधी बुडते. तिला शोधायचं काम मात्र गावाच्या माथी.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. माणुसकीला पैसे दिले की ती माणुसकी राहत नाही. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये रक्तदानावर एक पुस्तक लिहून साधारण हेच मांडलं होतं: रक्त विकत घ्यायला लागलात की दानाची वृत्ती आटते, आणि रक्ताचा दर्जाही घसरतो. आपल्याकडेही कोणी म्हणेल, दर फेरीला पैसे ठरले तर ही मुलं उद्या मीटर टाकतील. मे २०२२ मध्ये लोणावळ्याच्या जंगलात एक तरुण पर्यटक हरवला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी शोधून देणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या घरची तडफड कळते. पण ‘शोधाल तर लाख’ हे वाक्य जे आधीपासूनच जंगलात उतरले होते त्यांना कसं ऐकू आलं असेल, याचा विचार करून मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

तरीही हा आक्षेप मला अर्धाच पटतो. धाडसाचे पैसे देणं आणि दोराचे पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिर्यारोहणाच्या नायलॉनच्या दोराला आयुष्य असतं. फार वापरला नाही तरी काही वर्षांनी तो बाद करावा लागतो. हार्नेस, हेल्मेट, लाइफ जॅकेट, स्ट्रेचर, गाडीतलं पेट्रोल, विमा. आणि बुडालेली रोजी. यांपैकी कशालाही पैसे दिल्याने कोणाची माणुसकी आटणार नाही. उलट रक्तदात्याला आपण सुई घरून आणायला सांगत नाही.

शिवाय फुकटच्या सेवेचा आपल्याकडचा इतिहास फार गोड नाही. गावाची राखण, रात्रीची जाग, सरकारी निरोप पोचवणं ही कामं महाराष्ट्रात शतकानुशतकं ‘गावाची सेवा’ म्हणून काही जातींवर लादलेली होती. बदल्यात तुटपुंजं वतन आणि अपमान. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते याच कारणाने: हे काम सेवा नव्हती, वेठ होती. ती वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. आजचा स्वयंसेवक स्वखुशीने जातो, त्याच्यावर जातीची सक्ती नाही, हा फरक प्रचंड आहे आणि तो पुसू नये. पण सरकारी यंत्रणा एखाद्याच्या स्वखुशीवर कायमची विसंबून राहिली, की त्या खुशीतली ‘नाही’ म्हणायची जागा हळूहळू कमी होते. जुलैच्या रविवारी फोन उचलायचा नाही असं ठरवून बघा.

आपल्या प्रशासनाने यासाठी एक सुंदर शब्द शोधला आहे: मानधन. पोलीस पाटलांना मानधन, आशाताईंना मानधन. जिथे धन द्यायचं नसतं तिथे मान पुढे करायचा. आशाताई तर कागदोपत्री ‘स्वयंसेविका’च, म्हणून वेतनाचा प्रश्नच नाही. बचाव पथकांच्या वाट्याला तर निव्वळ मान येतो. शाल, श्रीफळ, फोटो.

मग बुडणाऱ्याकडूनच वसूल करा, असं व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात कोणीतरी लिहितंच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजीपणे डोंगरात अडकणाऱ्याकडून शोधाचा खर्च घेता येतो. पण तिथेही २०१५ पासून ‘हाइक सेफ’ नावाचं कार्ड मिळतं. आधी थोडे पैसे भरून ते घेतलं, की निष्काळजीपणाचं बिल माफ. बिलाच्या भीतीने माणूस फोन करायला उशीर करतो, आणि त्या उशिराची किंमत दोराला लटकलेला मोजतो. बेफिकीर पर्यटकाला दंड जरूर करा, पण मदतीची हाक फुकटच हवी.

म्हणजे सरकारनेच द्यावं. मी या मताचा आहे, पण मला त्यातली एक भीती सोडत नाही. १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटींचा निधी आधीच मंजूर होता, असं नंतर समोर आलं. पैसा कागदावर होता, माणसं गंजलेल्या लोखंडावर. अशा वेळी पाण्यातून लोकांना काढणाऱ्या पथकाने दुसऱ्या दिवशी ‘हे टाळता आलं असतं’ असं म्हणायला हवं. त्यांचा वार्षिक निधी ज्या टेबलावरून सुटतो, त्याच टेबलाबद्दल हे बोलावं लागलं तर? ब्रिटनमधल्या आरएनएलआय या जीवरक्षक नौकांच्या संस्थेने १८५४ पासून सरकारी मदत घेतली आणि १८६९ मध्ये सोडून दिली. तिचे नाविक आजही मुख्यतः स्वयंसेवक आहेत आणि संस्था देणग्यांवर चालते. पण त्यांच्यामागे मोठा देणगीदार वर्ग आहे. आपल्या मावळात बंगले खूप आहेत, देणगीदार मोजके.

म्हणून प्रश्न किती पैसे, यापेक्षा कोणत्या नावाने पैसे, असा आहे. अनुदान म्हटलं की अर्ज आला, शिफारस आली, मार्चअखेर आली, उपयोगिता प्रमाणपत्र आलं, आणि साहेबांची मर्जी आली. देणं म्हटलं तर गोष्ट बदलते. पोलिसांनी पथकाला बोलावल्याची नोंद ठाण्यात होतेच. त्या नोंदीवर ठरलेला खर्च आपोआप मिळावा. पेट्रोल, झिजलेला दोर, बुडालेली मजुरी, आणि नोंदीपासून परत येईपर्यंतचा विमा. ‘आपदा मित्र’ योजनेत सरकारने स्वयंसेवकांना प्रशिक्षण, किट आणि विमा देऊन यातलं काही मान्य केलंच आहे. पथकाने सरकारवर टीका केली म्हणून ही रक्कम थांबवता येऊ नये, जशी टीका केली म्हणून कोणाची पेन्शन थांबवता येत नाही. पैसा पर्यटनाच्या करातून, पार्किंगच्या पावतीतून यावा. ज्यांची गर्दी मोजली जात नाही, त्यांच्याकडून.

एका मित्राला हे सांगितलं, तो अशाच एका पथकात जातो. तो हसला. म्हणाला, पैशाचं राहू दे, आधी ओला दोर वाळवायला एक छपराची खोली मिळते का बघ. जुलैत घरात वाळत घातला की आई ओरडते.