स्वस्त खोलीचे भाडे

प्रवासाला निघालेला मध्यमवर्गीय माणूस हॉटेल निवडतो तेव्हा तो केवळ खाट, पाणी आणि नाश्ता निवडीत असतो, अशी आपली समजूत आहे. ती बहुतांशी खरीही आहे. परंतु कधी कधी त्या साध्या निवडीतच एक अवघड प्रश्न दबा धरून बसलेला असतो, आणि भाड्याच्या आकड्यांवर खिळलेल्या डोळ्यांना तो दिसत नाही.

आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला समुद्राचे वेड फार. कापसाच्या आणि केळीच्या मुलखात जन्म गेलेला, म्हणून असेल. सुट्टी आली की भुसावळवरून जाणारी गोवा एक्स्प्रेस त्याला खुणावू लागते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात यंदा असाच बेत ठरत होता आणि हॉटेले तीन प्रकारची होती. एक स्वस्त, पण किनाऱ्यापासून दूर आणि गैरसोयीचे. दुसरे पाण्याला लागून, पण मास्तराच्या पगाराला न झेपणारे. तिसरे मात्र नावाने पंचतारांकित आणि भाड्याने मध्यम. रात्रीचे जेवण त्यातच धरलेले. फक्त तळमजल्यावर कॅसिनो होता. घरातल्या वडीलधाऱ्या मावशींनी एका वाक्यात निकाल दिला : "आपले खेळनं नही, मंग आपले काय करनं शे?"

आपल्याला खेळायचे नाही, मग आपल्याला काय करायचे आहे? प्रश्न मोठा समंजस आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार करावयास हवा. जुगार वाईट, हे सिद्ध करावयास कोणी नको. न खेळणाऱ्याने जुगाराच्या घरात स्वस्तात राहावे की नाही, हा खरा पेच आहे.

प्रथम हे घर कसे चालते ते पाहू. गोव्यात १९७६ साली जुगारबंदीचा कायदा झाला. १९९२ साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली, आणि १९९६ साली जहाजांवर पत्त्यांची व चक्रांची टेबले मांडण्याची वाट मोकळी झाली. मांडवीच्या पात्रात पणजीसमोर रात्री जी झगमगती जहाजे दिसतात ती या दुरुस्तीची संतती. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंचा एक कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ साली तो मोडीत काढण्याचे शासनाने ठरविले. म्हणून आमच्या माणसाला या मोहासाठी गोव्यापर्यंत जावे लागते.

पाच ताऱ्यांची अट वरवर पाहता गरिबाच्या रक्षणासाठी घातलेले कुंपणच. ज्याच्या खिशात पैसा आहे त्यानेच आत जावे आणि तो हरला तरी त्याची चूल विझू नये. परंतु खोलीचे भाडे उतरले की त्या कुंपणाला फाटक बसते, आणि ते फाटक नेमके मध्यमवर्गाच्या उंचीचे असते.

आता मास्तरी हिशेब करू. रूलेटच्या चक्रावर शून्य ते छत्तीस अशी ३७ घरे असतात. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो आला, तर पस्तीसपट मिळतात. न्यायाने छत्तीसपट मिळावयास हवे होते. हा जो एका पटीचा फरक, तेच मालकाचे उत्पन्न. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरीने दोन रुपये सत्तर पैसे घराकडे जातात. तासाला चाळीस वेळा शंभर रुपये लावणारा माणूस तासात चार हजारांची उलाढाल करतो आणि सरासरीने १०८ रुपये गमावतो. तीन तासांचे ३२४ झाले. चक्रावर दोन शून्ये असली तर नुकसान जवळजवळ दुप्पट. येथे लबाडी कोठेच नाही. चक्र प्रामाणिक आहे, आणि तरी मालक हरत नाही. अमेरिकेत नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. तेथील लास व्हेगासच्या हॉटेलांनी पुष्कळ वर्षे खोल्या आणि जेवण स्वस्त ठेवले ते दानशूरपणाने नव्हे. खोली हे आमिष होते. खरे दुकान टेबलावर होते.

तेव्हा मावशींच्या खोलीचे उरलेले भाडे कोण भरतो, याचे उत्तर स्पष्ट आहे. तळमजल्यावर हरणारा माणूस भरतो.

यावर कोणी म्हणेल, यात नवे काय? तीनशे-चारशे रुपये हरून तीन तास करमणूक झाली, तर नाटकाच्या तिकिटाहून ते काय वाईट? जो ठरवून गेला आणि ठरल्या वेळी उठला त्याच्यापुरते हे मला मान्य आहे. त्याला पापी ठरविण्याचा अधिकार मला नाही. परंतु इतके दिवे, इतकी जहाजे, इतकी फुकट जेवणे केवळ वेळेवर उठणाऱ्यांच्या जिवावर चालतील काय? ज्याला उठवत नाही, जो गेलेले परत आणण्यासाठी उरलेले लावतो, तो या घराचा खरा अन्नदाता. नाटकाचा प्रेक्षक घरी जावयास निघाला म्हणून नाटकवाल्याचे काही बिघडत नाही. येथे मात्र माणूस उठला की मालकाचे उत्पन्न थांबते.

दुसरा आक्षेप आमच्या मातीतला आहे. शेती हाच मोठा जुगार, असे खानदेशात प्रत्येक जण म्हणतो. पाऊस लांबला की कपाशी जळते, वादळ आले की केळीची बाग एका तासात आडवी होते. मुंबईचा मटकासुद्धा कापसातूनच जन्मला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावाने उघडला आणि कोणत्या भावाने बंद झाला यावर लोक पैसे लावीत. पुढे ते आकडे येईनासे झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरू लागले. शेतकऱ्याच्या घामाचा भाव एकाला पोट होता आणि दुसऱ्याला नुसता आकडा! भेद येथेच आहे. शेतकरी धोका शोधीत जात नाही. धोका त्याच्या बांधावर चालून येतो. तो हरला तरी त्याने नांगरलेले असते, पेरलेले असते, आणि तो जिंकला तर जगात एक बोंड अधिक झालेले असते. कॅसिनोत रात्रभर चक्र फिरूनही पहाटे जगात कशाचीच भर पडलेली नसते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. फळाची आस सोडून कर्म करावे, ही त्या ग्रंथाची शिकवण. जुगारी नेमका उलट निघतो : त्याला कर्मावाचून फळ हवे असते. आणि दुसऱ्याच्या हरण्यामुळे उतरलेले भाडे, हेही एक न कमावलेले फळच नव्हे काय?

या धंद्याची नीती तपासण्याची एक साधी कसोटी मला सुचते. वाढणारा स्वतःच्या मुलांना ते अन्न खाऊ घालतो का, हे पाहावे. मोनॅको या चिमुकल्या राज्यात १८६३ साली फ्रांस्वा ब्लांने माँटे कार्लोच्या जुगारगृहाची सूत्रे हाती घेतली. उत्पन्न इतके वाढले की १८६९ साली तेथील रहिवाशांचे प्राप्तिकर माफ झाले. मात्र मोनॅकोच्या नागरिकाला त्या जुगारगृहात खेळण्याची बंदी! गोव्यानेही १ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या लोकांना कॅसिनोत खेळण्यास मनाई केली. दोन्ही ठिकाणी राज्यकर्त्यांनी आपले मत कृतीने सांगून टाकले आहे. पाहुण्याच्या ताटात जे वाढायचे ते घरच्या लेकराला द्यायचे नाही. आणि पाहुणे कोण? जळगावचे, धुळ्याचे, तुम्ही-आम्ही.

एरंडोल म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. पांडव तेथे भिक्षा मागून राहिले आणि भीमाने बकासुराला मारले. भिक्षेच्या अन्नावर ताठ मानेने जगलेली ही माणसे पुढे राज्य मिळाल्यावर फाशांपुढे वाकली. परंतु त्या द्यूतसभेत मला युधिष्ठिरापेक्षा भीष्म अधिक अस्वस्थ करतो. तो खेळला नव्हता. द्रौपदीने प्रश्न विचारला तो मात्र साऱ्या सभेला, न खेळणाऱ्यांनाही. भीष्माला नीट उत्तर देता आले नाही. पुढे युद्धाच्या आरंभी त्याने युधिष्ठिराजवळ कबूल केले की कौरवांच्या धनाने आपण बांधले गेलो आहोत. फासे हाती न घेताही माणूस त्या घराच्या अन्नाने बांधला जातो, हे व्यासांनी केव्हाच पाहिले होते.

याचा अर्थ सुट्टीत आनंद करू नये असा नाही. पाडव्याच्या रात्री घरोघर चिंचोके लावून पत्ते खेळतात; तेथे जिंकलेले आणि हरलेले एकाच पंगतीला बसतात, आणि प्रत्येक डावातून आपला वाटा उचलणारा मालक तेथे नसतो. दोष डावाचा नाही, त्या वाट्याचा आहे.

म्हणून मध्यम दराचे हॉटेल निवडणाऱ्याला मी एवढेच सुचवीन : भाडे किती, हे विचारून झाल्यावर ते इतके कमी का, हेही विचारावे. किनारा दूर आहे, पंखा जुना आहे, जिने चढावे लागतात, अशी उत्तरे मिळाली तर खुशाल राहावे. ती कमतरता आपण स्वतः सोसणार आहोत. परंतु आपल्या वाट्याचे भाडे कोणा अनोळखी माणसाची बायको घरी वाट पाहत भरीत असेल, तर ती खोली स्वस्त नाही. तिची किंमत फक्त आपल्या पावतीवर लिहिलेली नाही.