गाजर आणि काठी

इंग्रजी राज्य गेले, पण त्या भाषेतील काही वाक्प्रचार आपल्या कचेऱ्यांतून अद्याप निवृत्त झालेले नाहीत. 'गाजर आणि काठी' हा त्यांपैकीच एक. त्याची दोन चित्रे सांगितली जातात. एकात गाडीवान काठीच्या टोकाला गाजर बांधून ते गाढवाच्या तोंडापुढे धरतो. गाढव चालते, गाजरही तितकेच पुढे सरकते. दुसऱ्यात गाजर पुढे आणि काठी मागे. चालेल त्यास खाऊ, अडेल त्यास मार. १९४३ साली चर्चिल यांनी इटलीच्या गाढवाला दोन्ही बाजूंनी हाकण्याची भाषा केली, ती या दुसऱ्या अर्थाने. आपल्या राजनीतीतील दान आणि दंड यांच्याशी हे चित्र सहज जुळते.

वरवर दोन्ही चित्रे सारखीच वाटतात; नीतीच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्यात निदान सौदा आहे. पहिल्यात केवळ फसवणूक. तेथे काठीचे कामच मुळी गाजर दूर ठेवण्याचे. मराठीत रुळला तो वाक्प्रचार 'गाजर दाखवणे' एवढाच. दाखवणे, देणे नव्हे!

परप्रांती नोकरी करणाऱ्यांचे गाजर म्हणजे बदली. ते आम्ही वर्षानुवर्षे पाहिले, आणि अधिकार हाती येताच दुसऱ्यास दाखविलेही. हाताखालच्या एका कारकुनास वृद्ध आईसाठी गावाजवळ बदली हवी होती. 'वर्षअखेरचे काम उरका, मग शिफारस करू,' असे आम्ही सांगितले. त्याने ते चोख केले. पुढच्या वर्षीही आम्ही तेच सांगितले. असा माणूस सोडवेना. तिसऱ्या वर्षी त्याने विचारलेच नाही. काम बिनचूक होई. पण आमच्या टिपणातील चूक आपणहून दाखविण्याची त्याची सवय गेली होती. चौथ्या वर्षी आम्ही शिफारस लिहावयास घेतली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, 'आता नको, साहेब.'

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडविण्याबद्दल ज्यांना पैसे दिले, ते विद्यार्थी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले. दिलेले गाजरही जर कामाची गोडी अशी खात असेल, तर नुसते दाखविलेले काय काय खात असेल?

फळाची आशा न धरता कर्म करावे, हे गीतेचे सांगणे आम्ही त्या कारकुनास ऐकवीतही असू. आता वाटते, तो उपदेश ज्याने त्याने स्वतःस करावा. दुसऱ्याच्या कष्टाचे फळ अडवून बसलेल्याने तो उच्चारू नये.